ठसका न लागणारी भुकटी

पिशवी मी दातांनी फाडली, तीही नेमकी फिरत्या पंख्यासमोर. रनाळ्याच्या आमच्या मिरची गोदामात भिंतींना बुरशी लागू नये म्हणून रंगात मिसळायची ती नॅनो भुकटी. क्षणात सगळीकडे पांढरं धुकं, आणि मधोमध मी, पिठाच्या गिरणीतल्या उंदरासारखा.

देठ खुडणाऱ्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो. मिरचीत जन्म गेलेल्यांचं माप एकच: ठसका लागला तर वाईट, नाही तर काळजी नको. इथे साधी शिंकही आली नव्हती.

धनुबाई मात्र हसली नाही. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून कामाला आलेली ही बाई. आता गोदाम माझ्या नावावर आणि हुकूम तिचा. तिनं पंखा बंद केला आणि माझी कॉलरच धरली.

"हासी काय ऱ्हायनात, शेठ? बाहेर निंघा समदा!"

"अहो, पण ठसका कुठे लागला?"

"मन्हा घरवालालेबी नै लागे. दगडनी भुकटीना कारखानामा पोता भरे तो. आते दोन पायऱ्या चढना का बसी जास."

हसू जागच्या जागी थांबलं. तिच्या नवऱ्याची, गोवालची, धाप सगळ्यांनी ऐकलेली.

बाहेर येऊन मी पुतणीला, नूतनला, फोन लावला. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आधी तिनं मला झापलं, मग समजावलं. "मिरचीचा कण जाडा, काका, नाकाघशात अडतो, म्हणून ठसका. हे इतके बारीक की फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही थेट पेशींत शिरतात. प्रयोगशाळेत अशा कणांमुळे पेशी बिघडलेल्या, मेलेल्या दिसल्यात. माणसाला किती बाधतं ते अजून तपासताहेत, पण म्हणून तुम्ही गोदामात प्रयोग करू नका! झाडू नका, चांगला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा. आणि नाकाला बांधलेला पदर चालणार नाही."

पदराचं ऐकून धनुबाईचं तोंड वाकडं झालं. जन्मभराचा भरवसा तो. पण मास्क येईपर्यंत तिनं कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. मग पुसायला मी एकटाच. ती दारातून कोपरे दाखवत होती.

पुसता पुसता मला भरून आलं. ती नसती तर आम्ही सगळे तसेच हसत हसत ती हवा ओढत बसलो असतो.

"धनुबाई," मी म्हणालो, "तुमचे आभार कसे मानू?"

"उरेल भुकटी परत धाडी द्या."