लेडीज क्लासातलं हसू

आजवर हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. पण बसलाच आहात, तर ऐका. विनोदी सिनेमांची दर्दी म्हणून माझी जी ख्याती आहे ना, ती निम्मीच खरी आहे.

निम्मी म्हणजे — आवडतात हो, पण मला विनोद उशिरा कळतो. हीरोनं नुसती मिशी चिकटवली की सख्ख्या आईलाही तो ओळखू येत नाही. यात हसायचं काय? मी तर त्या आईवर चिडते! जाडा सेठ केळीच्या सालावरून घसरला की सगळी टॉकीज हसते आणि माझ्या मनात येतं, अगं बाई, कंबर मोडली असेल की याची. पण एकसारखे दोन नोकर एकाच घरात आले आणि मालकीणबाई भलत्यालाच झापायला लागली, की मग मात्र मी बेजार. असला सिनेमा तीनदा बघेन. रडके सिनेमे? छे! रडायला तिकीट कशाला काढायचं?

तर ते मध्यभारत राज्याचे दिवस. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, थंडीत ग्वाल्हेरला — कचेरीवाले दप्तरं बांधून इकडून तिकडे. अशाच एका कचेरीतल्या मुलाचं स्थळ कुसुमला आलं होतं. कुसुम माझी चुलत बहीण, एकाच घरात वाढलो आम्ही. मला ताई म्हणायची. लग्नाची मीही होते, पण माझं कुठे जमत नव्हतं. काकू म्हणाली, जिचं जमतंय तिचं तरी होऊ दे. मुलगा मी पाहिला होता आणि — खोटं कशाला बोलू — मला आवडला होता. त्याची आई रविवारी कुसुमला बघायला येणार होती.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. टॉकीजमधला बायकांचा वेगळा लेडीज क्लास खच्चून भरलेला. सिनेमा गमतीचा, पण मध्येच एक गंभीर सीन आला. हीरोचा बाप देवापुढे हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, ‘प्रभु, मेरी चेष्टा सफल करो!’ बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि कुसुम फस्सकन हसली! त्याच क्षणी पुढच्या रांगेतली एक बाईही हसली. बाकी सगळीकडे चिडीचूप. मला काही कळेना. मग कुसुमनं कानात सांगितलं — अगं ताई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण आपल्या मराठीत बघ ना! म्हातारा देवाला सांगतोय, माझी टिंगल झकास होऊ दे!

मध्यंतर झालं, दिवे लागले. पुढच्या बाईंनी वळून विचारलं, ‘मघाशी कोण हसलं गं?’

त्या मुलाच्या आई होत्या. मी त्यांना एका हळदीकुंकवात लांबून पाहिलं होतं. कुसुमनं नव्हतं पाहिलं. देवाच्या सीनला हसलो, आता बोलणी बसणार, म्हणून ती मान खाली घालून बसलेली. माझी मान वर होती. मला त्यांचा चेहरा दिसत होता — आणि त्या रागावलेल्या नव्हत्या. जोडीदारीण सापडल्यासारख्या बघत होत्या. मला एवढ्या लवकर काही कळलं असेल, तर ते आयुष्यात तेव्हाच.

‘मी,’ मी म्हणाले.

का हसले तेही सांगितलं — कुसुमचेच शब्द, जसेच्या तसे. बाई खूश! ‘क्या बात है!’ म्हणाल्या, नाव विचारलं, कुणाकडची तेही विचारलं. येताना टांग्यात कुसुमनं विचारलं, ताई, तू ‘मी’ का म्हणालीस? तुला बोलणी बसू नयेत म्हणून, मी म्हटलं. वेडीनं माझा हात घट्ट धरला.

रविवारी बाई आल्या. कुसुमनं पोहे पुढे केले आणि त्यांना ओळखलं. त्या काकूला म्हणाल्या, ‘ही गुणाची आहे हो. पण मला ती हसणारी द्या.’ कुसुमनं एकदा माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती, तर? नाही बोलली. आणि मी? मी बाईंच्या पाया पडले.

पुढे काय सांगू — संसार असा झाला म्हणता! नवऱ्यानं कधी आवाज चढवला नाही. सासूबाई आणि मी इंदुरात आलेला एकही गमतीचा सिनेमा सोडला नाही. त्या हसल्या की मागोमाग मी हसायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. चारचौघांत मी सिनेमावर मतं ठोकायची आणि लोक ऐकायचे. मजेत गेलं सगळं, अगदी राणीसारखं.

कुसुम खंडव्याला पडली. खाऊनपिऊन सुखी, पण सासरे कडक. तिथे सुनांनी मोठ्यानं हसायचं नव्हतं, सिनेमाचं तर नावच नको.

बऱ्याच वर्षांनी ती माझ्याकडे राहायला आली. सासूबाईंनी हौसेनं तीच गोष्ट काढली — सबंध टॉकीजमध्ये आम्ही दोघीच कशा हसलो! मग कुसुमकडे वळून म्हणाल्या, ‘तू होतीस ना गं तिथे?’ मी उगाचच कपबशा आवरायला घेतल्या.

‘होते की,’ कुसुम म्हणाली. ‘ताई काय हसली होती त्या दिवशी!’

आणि पदर तोंडाशी धरून हसली — आवाज न करता. मी मात्र खो खो हसले. मला आनंद झाला होता. वाचले म्हणून.