बाभळीकडे वळणारी हाऊसबोट

मी वेल्डिंगवाला माणूस. सिरसाळ्यात माझं वर्कशॉप आहे, ट्रॉल्या बनवतो. वस्तू वाकडी चालली म्हणजे कुठेतरी माप चुकलंय, एवढंच मला कळतं. त्यामुळे असले अनुभव वाचून आजवर मी नुसता हसत आलोय... आता तुम्ही माझ्यावर हसा.

दोन वर्षांपूर्वी केरळला फिरून आलो आणि डोक्यात किडा शिरला – आपणही माजलगाव धरणाच्या फुगवट्यावर हाऊसबोट टाकायची. खाली हवाबंद ड्रम, वर लोखंडी सांगाडा, पत्र्याचं छत, दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि पुढे एकच दार. बायको मनीषा पाहुण्यांसाठी स्वयंपाक करणार, मी बोट चालवणार. झकास बेत होता.

अडचण झाली ती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची जमीन धरणाच्या पाण्यात गेली, तेव्हापासून ते रोज दुपारी शेरडं घेऊन पूर्वेच्या काठावर एका बाभळीखाली बसतात. बोट बांधून होईपर्यंत सगळं ठीक होतं. पण पाण्यात सोडायच्या दिवशी मी गाढवपणा केला. मी तिला गाडी समजलो! आमच्याकडे नवी ट्रॉली निघाली की हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. हिला चाकच नाही, म्हणून लिंबं मागच्या पंख्यापाशी बांधली आणि निघालो. अण्णा काठावर धुतलेला पटका बांधून उभे होते... नव्या घरात थोरल्याचा पाय आधी पडतो, तसं आपल्याला बोलावतील म्हणून.

"लोकायला घर म्हून सांगतो, आन् घरातल्या थोरल्याला काठावर ठिवतो व्हय?" एवढं बोलून ते निघून गेले. त्यानंतर बोटीवर पाय ठेवला नाही. माझ्याशी बोलणंही कामापुरतंच.

आणि मग हे सुरू झालं. पाण्याच्या मधोमध बोट उभी करायची, चार कोपऱ्यांना चार दोर, प्रत्येक दोराला नांगर म्हणून सिमेंट भरलेला डबा. दार पश्चिमेला, कारण पाहुणे येतात ते मावळतीसाठीच. जेवणं उरकेपर्यंत दार पूर्वेला! थेट त्या बाभळीकडे. वारा नाही, दोरांना पीळ नाही, गाठी जशाच्या तशा. आता मला सांगा, चारही कोपरे बांधलेली वस्तू दोर एकमेकांत न अडकता अर्धी फिरते कशी?

अंबाजोगाईच्या एक डॉक्टरबाई मुलांना घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, सनसेट म्हणून आणलंत आणि शेरडं काय दाखवताय?" काय सांगणार, कपाळ! डबे वाढवले. दोर काढून साखळ्या लावल्या. अख्खी दुपार खुर्ची टाकून पहारा दिला. डोळ्यांदेखत फिरली असती तरी चाललं असतं... पण नाही. पाण्याचा तांब्या उचलायला मान वळवावी, तेवढ्यात कार्यक्रम झालेला. शेवटी चिडून दाराला लाथ घातली. दाराला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

मनीषा म्हणाली, "अण्णाकडं तोंड करती ती. तुमी न्हाई बोलावलं, मग ती बोलावती."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पटलं नाही, पण आवडलं. माझ्या हातची बोट मला न जमलेली माफी मागतेय, असं काहीतरी वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचे पाय धरले. "चुकलं माझं, अण्णा. चला."

त्यांनी पटका बांधला. शेरडं घरीच ठेवली. मनीषाने पाण्याचा तांब्या हातात दिला, त्यांनी उजवा पाय आत टाकून दोन्ही खोल्यांत पाणी शिंपडलं. मी बोट मधोमध नेली, दार पश्चिमेला करून चारही साखळ्या आवळल्या आणि जेवायला बसलो. अण्णांनी तिसरी भाकरी मागून घेतली. मिटलं बुवा सगळं, असं म्हणत मी मान वर केली, तर दारासमोर बाभूळ.

बाभळीखाली कुणीच नव्हतं.

अण्णा उठून दारात गेले. चौकटीला धरून बाभळीखाली पाहिलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला पाहवेना.

"मंजी माझ्याकडं बघत न्हवती ही," ते म्हणाले. "मला बी वाटलतं, माझ्याकडंच बघती."

"मग कुणाकडं, अण्णा?"

"मला काय ठाव?"

त्या बाभळीभोवती मी खणून पाहिलं – मुरूम निघाला, दुसरं काही नाही. गावात विचारलं, तर प्रत्येकाची वेगळी कथा. मापं पुन्हा घेतली, एक सूतसुद्धा फरक नाही. डोकं फुटायची वेळ आलीय.

अण्णा आता रोज दुपारी शेरडं शेजाऱ्याकडे सोपवून बोटीवर येतात आणि दारात बसतात. आयुष्यभर मी इतक्या ट्रॉल्या बनवल्या, त्यांनी कधी एका शब्दाने माझ्या कामाबद्दल विचारलं नाही. मी वाट बघायचो. आता रोज विचारतात.

"कावून वळती रं ही? तूच बांधली ना?"

बांधली मीच, अण्णा. पण काय सांगू तुम्हाला?