चार कोअर, दोन कोअर आणि शेख मॅडमची नोटीस

हेडक्लार्क खरातांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मजकूर आधीच टाइप केलेला होता, सही तेवढी माझी हवी होती. ‘टायपिंग लॅबमधील बाराही लॅपटॉप तपासले असून ते सुस्थितीत आहेत.’ मी अजून एकही मशीन उघडलं नव्हतं. परतूरला उतरून जेमतेम चहा झाला होता.

"तपासणी व्हायचीय अजून," मी म्हणालो.

"ती होईल की. सही करून ठेवा, मंग निवांत तपासा."

जालन्यात मस्तगडला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. या काळात मी जळलेले बोर्ड पाहिले, चार्जरच्या वायरी खाणारे उंदीर पाहिले, पण तपासणीआधी तयार असलेला रिपोर्ट पहिल्यांदाच पाहिला. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि भानगड काय ते विचारलं.

भानगड अशी होती. ही एक शिक्षणसंस्था. शाळा, ज्युनियर कॉलेज आणि कॉम्प्युटर टायपिंगचे वर्ग. संस्थेने टायपिंगसाठी बारा लॅपटॉप आणले आणि तेव्हापासून पोरींचा स्पीड घसरला. महिन्यावर सरकारी परीक्षा आली होती आणि सराव परीक्षेत बावीसपैकी सतरा जणी नापास झाल्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी टायपिंग शिकवणाऱ्या शेख मॅडमना नोटीस काढली. आपल्याला कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा करा. मॅडमनी एका ओळीत खुलासा दिला: मशीन हळू आहेत. तो खुलासा खोटा पाडायला माझी सही लागत होती.

लॅपटॉप निवडले कसे, हे खरातांनी अभिमानाने फाइल काढून दाखवलं. खरेदी समितीत तिघे होते. खुद्द खरात, इतिहासाचे एक सर आणि खेळाचे एक सर. तिघांनी तुलनात्मक तक्ता केला होता. एका बाजूला संस्थेकडे आधीपासून असलेला जुना लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला नवा. रकाने होते रंग, वजन, जाडी, स्टिकर आणि कोअर. स्टिकरच्या रकान्यात जुन्याला शून्य, कारण ते सोलून निघालं होतं. कोअरच्या रकान्यात जुना दोन, नवा चार. चारखाली तीन रेघा.

दोन शब्द समजावून सांगतो. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपमधली सगळं काम करणारी चिप. कोअर म्हणजे त्या चिपमधला एक कामगार. हे दोन्ही प्रोसेसर आता जुने झालेले आणि कमी विजेवर चालणाऱ्या जातीचे. चार कोअरवाला सहा वॅटचा. त्याला पंखासुद्धा नाही, बॅटरी दिवसभर पुरते. दोन कोअरवाला पंधरा वॅटचा, तापतो, पंखा घुर्र करतो. दोघांवर गिगाहर्ट्झचा आकडा जवळपास सारखाच छापलेला. पण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ठोके किती. एका ठोक्यात काम किती उरकतं, ते खोक्यावर छापत नाहीत.

तक्त्याला बापूसाहेबांच्या पुण्याच्या भाच्याने पाठवलेलं एक पान जोडलं होतं. कुठल्याशा वेबसाइटवरची दोन्ही प्रोसेसरांची तुलना. त्यात एकट्या कोअरचा वेग किती, याची ओळ होती आणि तिथे दोन कोअरवाला जवळजवळ दुपटीने पुढे होता. खरातांनी स्टेपलरची पिन नेमकी त्या ओळीवर मारली होती.

मी लॅबमध्ये गेलो. शेख मॅडम कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. मशीन कधी हळू होतं, असं मी विचारलं. बहुतेक लोक ‘सारखंच’ म्हणतात. त्या म्हणाल्या, "पहिल्या दोन ओळी बराबर. चौथ्या ओळीपासून अक्षर मागं पडतं. पोरीला वाटतं दाबलंच न्हाई, ती परत दाबते. मंग दोनदा उमटतं."

हे ऐकून माझं अर्धं काम झालं. सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. जुनं होतं. एक अक्षर दाबलं की ते पहिल्यापासूनचा सगळा उतारा पुन्हा तपासायचं. उतारा जितका लांब, तितकं काम जास्त. आणि हे सगळं काम एकाच कोअरवर. दुसऱ्या कोअरला वाटून द्यायची अक्कल त्या सॉफ्टवेअरला कुणी दिली नव्हती.

तेवढ्यात बापूसाहेब आले, मागोमाग खरात. बापूसाहेबांनी उभ्या उभ्या एका लॅपटॉपवर एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं. उमटलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं.

मी सॉफ्टवेअर चालू असताना प्रोसेसर किती राबतोय ते स्क्रीनवर दाखवलं. पंचवीस टक्के. माझ्या मते सगळा खुलासा त्या आकड्यात होता. चारातला एक पूर्ण राबतोय म्हणून पाव. बापूसाहेबांना मात्र आनंद झाला. अजून पंच्याहत्तर टक्के ताकद शिल्लक आहे, म्हणजे मशीन दणकट आहे, असं त्यांनी खरातांना ऐकवलं. खरातांनी ते लिहूनही घेतलं.

मग मी ऑफिसातून एक जुना लॅपटॉप मागवला. दोन्ही मशीनमध्ये रॅम सारखी केली. एकच एसएसडी आधी एकात, मग दुसऱ्यात लावायची ठरवली. एसएसडी म्हणजे ज्यात सगळा डेटा राहतो ती डिस्क. दोन्ही वेळा चार्जर लावलेला. म्हणजे फरक उरला तर प्रोसेसरचाच. मॅडमना म्हणालो, हाच उतारा दोन्हीवर मारा.

मॅडम बसल्या, पण हात कीबोर्डवर ठेवले नाहीत. बापूसाहेबांकडे न बघता म्हणाल्या, "मला नोटीस आली त्याचं काई न्हाई, सर. पण पोरी घरी सांगून राह्यल्या की आमचे हातच जड हायेत. एकीला तिच्या बापानं क्लास बंद करायला लावला. ते खोटं हाय एवढं तुम्ही लिहून द्या."

मॅडमनी नजर कागदावर ठेवून टाइप करायला सुरुवात केली. असे हात मी फार कमी पाहिलेत. नव्या चार कोअरवर त्यांनी उतारा संपवला आणि हात मांडीवर घेतले. स्क्रीनवर अक्षरं उमटतच राहिली. बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तरी शेवटची ओळ उमटतच होती.

मग एसएसडी जुन्या मशीनमध्ये लावली. तोच उतारा. मॅडमचे हात थांबले त्याच क्षणी अक्षरं थांबली. पंखा तेवढा घुरघुरत राहिला.

"म्हणजे चारापेक्षा दोन जास्ती?" बापूसाहेबांनी विचारलं.

"या कामाला, हो. काम एकाच कामगाराचं आहे. इथं चार आहेत पण चारही मंद. तिथं दोनच आहेत पण चलाख."

"मंग इथले बाकीचे तिघं काय करून राह्यले?"

"बसून राह्यले."

का कुणास ठाऊक, बापूसाहेबांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. आत टेबलं चार होती.

खरातांनी पुन्हा सहीचा विषय काढला. मी खिशातला कागद फाडला आणि हाताने दुसरा लिहिला. ‘बाराही लॅपटॉप सुस्थितीत आहेत. ते या कामाचे नाहीत. टायपिंगच्या वेगातील घट यंत्रामुळे आहे, विद्यार्थिनींमुळे किंवा शिक्षिकेमुळे नाही.’ खरातांचं म्हणणं पडलं की पहिलं वाक्य पुरेसं आहे. मी म्हटलं, घ्यायची तर तिन्ही घ्या, नाहीतर सही मिळणार नाही. बापूसाहेबांनी कागद स्वतःकडे घेतला.

नवीन काही आणायची गरज नव्हती. चांगले बारा जुने लॅपटॉप संस्थेतच होते. कुठे पत्रं टाइप होत होती, कुठे पत्ते खेळले जात होते. बापूसाहेबांच्या केबिनमधल्या लॅपटॉपच्या झाकणावरची प्लास्टिकची फिल्मसुद्धा निघाली नव्हती. ते सगळे लॅबमध्ये आणले आणि चार कोअरवाले ऑफिसात गेले. त्यांच्या वेगाची तक्रार ऑफिसातून आजवर एकही आलेली नाही.

नोटीस रीतसर मागे घेतली गेली नाही. ‘प्रकरण निकाली’ असा शेरा मारून फाइल कपाटात गेली. माफी कुणी मागितली नाही. अदलाबदलीचा ठराव मात्र ‘अध्यक्षांच्या दूरदृष्टीने’ असा लिहिला गेला. क्लास सोडलेल्या पोरीच्या घरी मॅडम माझ्या कागदाची झेरॉक्स घेऊन स्वतः गेल्या. ती परत आली.

परीक्षेनंतर मॅडमचा फोन आला. बावीसपैकी एकोणीस पास. उरलेल्या तिघींचे पेपर त्यांनी मनात पुन्हा तपासले होते. म्हणाल्या, "त्या तिघी त्यांच्या त्यांच्या चुकीनं गेल्या, सर. मशीनमुळं न्हाई." निकालापेक्षा त्यांना हेच जास्त सांगायचं होतं असं मला वाटलं.

आता कुणी दोन प्रोसेसरांत चांगला कोणता असं विचारलं, की मी कोअर मोजत नाही. यावर बसणार कोण आणि करणार काय, एवढं विचारतो. निम्म्या लोकांना ते माहीत नसतं. काय घ्यायचं ते मात्र त्यांचं आधीच ठरलेलं असतं.