बॅनशीच्या कपाळावर कुंकू

माझा स्वभाव संशयी. दूधवाला हसून बोलला की आज दुधात पाणी जास्त आहे, असं मी धरूनच चालते. त्यामुळे माझ्या चित्रातल्या बाईच्या कपाळावर लाल ठिपका दिसला, तेव्हा मी घरातली सगळी माणसं मनातल्या मनात रांगेत उभी केली.

पिंपळगाव राजाच्या आमच्या घरात मागच्या खोलीत फवारणीचे पंप आणि रिकामी पोती असतात. तिथेच एक कोपरा झाडून मी चित्रं काढते. त्या उन्हाळ्यात आयर्लंडच्या लोककथांनी मला झपाटलं होतं. मोबाइलवर वाचायचं आणि रंगवायला बसायचं. आधी रूपं बदलणारा काळा घोडा काढला, मग बॅनशी. ही पांढरे मोकळे केस विंचरत घराबाहेर बसून रडते, आणि ती रडली की त्या घरातलं कुणीतरी जातं. हे सगळं मी जेवताना घरातल्या सगळ्यांना मोठ्या हौसेने सांगितलं. सासरे तेव्हा लकवा होऊन आतल्या खाटेवर पडलेले होते.

"घरात बिमार माणूस, अन् तू हे काय काढून राह्यली?" जाऊबाई म्हणाल्या होत्या. दोन दिवसांनी हा ठिपका. मग संशय आणखी कुणावर घ्यायचा?

बोट लावून पाहिलं तर रंग नव्हता. कुंकू होतं, खाली मेण लावलेलं. टिकल्यांच्या जमान्यात असं कुंकू कोण लावतं, एवढाही विचार मी केला नाही, इतकी डोक्यात तिडीक गेली होती. पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तडक चुलीपाशी जाऊन जाऊबाईंना जाब विचारला.

"मी काऊन हात लावू त्या भुतनीले?" त्या फणकारल्या. "मले कामं नाहीत का?"

माझा विश्वास बसला नाही. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी पोत्यांमागे दबा धरून बसले. आता हिला रंगेहाथ पकडते, म्हटलं.

दार लोटून आल्या त्या सासूबाई. हातात कुंकवाचा करंडा. आमच्याकडे आलेली बाई कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि कुंकू लागलं की निघायची वेळ झाली हे तिलाही कळतं. सासूबाईंनी चित्राला आधी मेण, मग कुंकू लावलं आणि हात जोडले.

"ऊठ वं बाई आता," त्या हळूच म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या खोलीकडे मान वळवली. "यायले राहू दे."

रोज त्या तिला निरोप देत होत्या आणि ही बया उठायचं नाव घेत नव्हती.

मी पोत्यांमागून बाहेर आले. सासूबाई दचकल्या, करंडा पदराआड गेला. मी चित्र उचललं. "खामगावला मैत्रिणीकडे ठेवून येते," एवढंच म्हटलं आणि पुढच्या दाराने निघाले.

सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. जाणाऱ्याला त्या नेहमी "ये बरं" म्हणतात. वसुलीला आलेल्या माणसालाही म्हणतात.

"जाय," त्या चित्राकडे पाहून म्हणाल्या. "वापस येऊ नको."