त्रिशलाक्काचं अगस्तू

वळिवड्यात त्रिशलाक्काएवढं पोलंड कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती स्वतः पुण्याच्या पलीकडं कधी गेलेली नव्हती. पुण्यालाही एकदाच, तेही भाच्याच्या लग्नाला.

महायुद्धात आमच्या गावाला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. शेजारची ही आक्का तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आईबरोबर छावणीत दूध घालायला जायची. तिथं तिला तिच्याच वयाची इरेना भेटली. रशियनांनी घरातून उचलून नेलेली, वाटेत आई गमावलेली. पोरगी मोडकंतोडकं मराठी शिकली आणि छावणी उठेपर्यंत आक्काला आपलं गाव सांगत राहिली. गावाचं नाव औगुस्तूफ. आक्का म्हणायची अगस्तू.

आम्ही गल्लीतली पोरं ते ऐकतच वाढलो. गावाभोवती तळीच तळी. पाइनचं दाट रान, रानातून कालवा. कालव्याला मोठाली दारं, ती लावली की पाणी चढतं आणि नाव वरच्या तळ्यात जाते. हिवाळ्यात तळं असं गोठतं की त्यावरून घोडागाडी पलीकडं नेतात. त्या घोडागाडीवर गल्लीचा विश्वास कधीच बसला नाही. आक्काचे यजमान बाबासो तर चारचौघांत म्हणायचे, "हिची गाडी कवा बुडायची न्हाय!" आक्का कसली ऐकते! रंकाळ्यावर फिरायला नेलं तर नाक मुरडून म्हणाली, "ह्याला तळं म्हणत्यात व्हय?" कोल्हापुरात असं बोलायला छाती लागते. जैनाच्या घरची ती, अगस्तूत तिला एकच खोट दिसायची. "एवढं चांगलं गाव, पण पाणी गाळून पीत न्हाईत."

अठ्ठ्याण्णव साली, एकेकाळी छावणीत राहिलेली माणसं गाव बघायला आली. आक्का नवं इरकली लुगडं नेसून दारात बसली. इरेना आलीच नाही. तिची मुलगी आन्ना आली, लंडनहून. आईच्या तोंडी त्रिशला हे नाव असायचं, तेवढ्या धाग्यावर. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात. इरेना दोन वर्षांपूर्वी गेली, हे आक्काला मलाच सांगावं लागलं. तिनं पदर तोंडाला लावला. मला फार वाईट वाटलं.

आन्ना पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच औगुस्तूफला जाणार होती. "आई परत कधी गेली नाही," ती म्हणाली. "विषय काढला की उठून जायची. तिचं घर कुठं होतं, तेही मला माहीत नाही."

"पोटच्या पोरीला सांगितलं न्हाय?" आक्का भडकलीच. "दोन मनोऱ्यांच्या देवळापास्नं तळ्याकडं उतरायचं. निळ्या खिडक्यांचं लाकडी घर. मागं सफरचंदाचं झाड. बा नावा बांधायचा."

मग लुगड्याचा काचा खोचून ती उठली. बापाचे बूट घालून इरेना बर्फावर कशी धावली आणि धपकन कशी बसली, ते पासष्टीच्या बाईनं शहाबादी फरशीवर घसरून दाखवलं. पोरीला उचलायला गेलेला बापही शेजारीच आपटला, तेही दाखवलं. मी धरली म्हणून बरं. आन्ना खदखदून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"मला वाटायचं, आईला ते सगळं विसरायचं होतं."

मी ते मराठीत सांगितलं. आक्कानं खरखरीत तळव्यानं तिचे डोळे पुसले.

"इसरायचं असतं तर मला कशाला सांगत बसली असती गं? माझ्यापाशी ठिवून गेलीया. घिऊन जा की आता."