मंदारच्या बॅटऱ्या मुरवताना

मंदारच्या फुप्फुसांना शेवटपर्यंत काही झालं नाही.

त्याच्या वेपवरून, त्या ई-सिगरेटवरून, मी वर्षानुवर्षं भांडले. "फुप्फुसांची वाट लावशील!"
आणि घात केला स्वादुपिंडाने.

आज वर्ष झालं.

मंदार नागपूरचा. इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेत एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत आम्ही एकाच टीममध्ये, बॅटरी टेस्टिंगला. घरंही एकाच रांगेत.

सिगरेट सोडायला त्याने वेप धरलं आणि त्यातल्या बॅटऱ्यांच्याच प्रेमात पडला.
नवी बॅटरी आली की आधी ती लोणच्यासारखी मुरवायची. पूर्ण चार्ज, मग हळूहळू रिकामी, पुन्हा चार्ज. क्षमतेचा आकडा स्थिरावला की दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीशी तुलना.

तो ॲडमिट झाला आणि त्याच आठवड्यात दोन नव्या बॅटऱ्या घरी आल्या.

"एक काम कर ना. त्या मुरव. आकडे मला पाठव."
"अरे, तू आता वेप ओढणार आहेस का?"
"नाही गं. पण अर्धवट राहायला नको."

अट एकच. चार्जर त्याच्याच किचनमध्ये लावायचा आणि चालू असताना घर सोडायचं नाही. लिथियम आहे, पेटू शकतं. आणि त्याच्या बायकोला, मृणालला, हात लावू द्यायचा नाही.

मग काय, ऑफिस सुटलं की मी त्यांच्या किचनमध्ये.
मृणाल हॉस्पिटलमधून यायची आणि समोर बसायची. मग चहा. मग एक दिवस ढसाढसा रडली. मी फोडणीचा भात केला, तो दोघींनी खाल्ला.

त्यांची मुलगी इरा डोकवायची. "आर दे डन येट, मावशी?"
"नाही गं."
"ग्रँड." इथल्या पोरांचं "बरं". आणि तिथेच अभ्यासाला बसायची.

मी आकडे पाठवले की मंदारचं उत्तर ठरलेलं.
"दुसरीचा आकडा पटत नाहीये. पहिल्यापासून कर."

तिसऱ्यांदा तेच आल्यावर मी हॉस्पिटलमध्ये जाऊन भडकलेच.
"लिथियम-आयन मुरवावी लागत नाही, मंदार! आपण पोटासाठी हेच करतो. तुला माहितीये."

तो डोळे मिटून पडला होता.
"माहितीये," म्हणाला. "मृणाल जेवली का काल?"

मला एकदम रडूच फुटलं.
घरी येऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती फेरी संपायच्या आत तो गेला.

बॅटऱ्या केव्हाच रिसायकलिंगला दिल्या. मी मात्र अजून त्या किचनमध्ये जाते. वाढते. मृणाल अन्न चिवडते आणि ताट उचलून ठेवते.
काळ हे औषध असतं म्हणतात. या घरात तरी त्याचा काही गुण आलेला नाही, आणि येईल असं मला वाटतही नाही.

हे मृणालला दाखवूनच टाकतेय. तिने वाचलंय.

श्रद्धांजली म्हणून चार चांगले शब्द लिहावेत, तर तुला एवढंच कळवायचं राहिलंय, मित्रा.
ती कालही जेवली नाही.