माहूरचा राहिलेला चुडा

भूकंपानंतर मी देवाशी बोलणं टाकलं होतं. भांडण वगैरे नाही, नुसता अबोला. आमचं गाव औशाच्या पुढं, त्याच पट्ट्यातलं. मी तेव्हा लातूरला नुकती नोकरीला लागले होते. वडील शेतात मुक्कामाला होते म्हणून वाचले, आई घरात होती. मी धावत गावी पोचले, तर ढिगाऱ्यातून आधी तिचा हात दिसला, आणि त्या हातातला हिरवा चुडा जशाच्या तसा होता, एकही बांगडी पिचलेली नव्हती. माणूस गेलं आणि काच राहिली, हा कुठला न्याय? मी त्यानंतर काचेची बांगडी हातात घातली नाही. लग्नात सासूबाईंनी हट्टानं चुडा भरला, तोही पाचपरतावण झाल्यावर मी मुकाट्यानं काढून ठेवला.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. बारावीची पोरं नांदेड, बीड, परभणीहून पेट्या घेऊन येऊन राहिली होती आणि मी सकाळी सहापासून जीवशास्त्र शिकवत होते. त्या धबडग्यात अंगावर निळे डाग उठायला लागले. बाकाचा कोपरा लागला, डाग. पिशवी मनगटावर अडकवली, डाग. हिरड्यांतून रक्त यायचं, तर मी शहाणीनं ब्रश बदलला. डोकं दुखलं की दुखण्याची गोळी घ्यायची आणि पुढच्या वर्गावर जायचं. मोठी गंमत म्हणजे रक्त गोठण्याचा धडा दरवर्षी मीच शिकवायची. प्लेटलेट कमी झाल्या तर काय होतं, हे फळ्यावर पाच मुद्द्यांत लिहून द्यायची, आणि स्वतःचे हात झाकायला लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून घ्यायची.

घरमालकीणबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं की, साहेब हात उगारतात का. मला हसावं की रडावं कळेना. आमचे हे म्हणजे ऑफिसात बसून फायली लावणारा गरीब माणूस, झुरळालाही वाट करून देतील. पण गल्लीत कुजबुज झाली, ती ह्यांच्या कानावर गेली. हे फक्त रात्री माझ्या दंडाला हळू तेल लावायचे. आज ते आठवलं तरी जीव कळवळतो.

वडिलांनीच ह्यांच्या कानावर घातलं की, आईचं एक बोलणं राहिलंय. लेकीला नोकरी लागली की माहूरला नेऊन रेणुकेच्या दारात हिरवा चुडा भरीन, असं ती म्हणाली होती. ह्यांनी ते धरलं. मी लई टाळलं, पण गल्लीतलं सगळं निमूट सोसलेल्या माणसाला नाही तरी कसं म्हणणार? एका शनिवारी निघालो.

देवीच्या वाटेवर बांगड्यांची दुकानं आहेत. एका मनियार चाचीपुढं मी बसले. साठीची बाई, नाकात चमकी, बोटं मऊ. माझा पंजा धरून ती दाबायची आणि म्हणायची, "हात सैल सोडा, बाई." मला काही सोडता येईना. तिसरी बांगडी चढेपर्यंत पंजावर बारीक लाल ठिपके उठले. चाची थांबली. तिनं तिन्ही बांगड्या हलकेच उतरवल्या आणि माझी बाही कोपरापर्यंत वर सारली. मग ह्यांच्याकडं बघितलं. आता हीपण तेच विचारणार, म्हणून मी मान खाली घातली.

"हे मारल्याचं न्हाई," चाची म्हणाली. "माझ्या बहिणीला असंच झालं होतं. आम्हीबी आधी तिच्या नवऱ्यालाच बोल लावला."

मी वर बघितलं तर ह्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत कुणीतरी ह्यांच्या बाजूनं बोललं होतं.

चाचीनं सांगितलं की, नांदेडला महिन्यातून एकदा हैदराबादहून रक्ताचे डॉक्टर येतात, बहीण त्यांच्याकडंच जाते, आणि ते उद्याच येणार आहेत. मी म्हटलं, सोमवारी पोरांची परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात बघू. ती माझा हात सोडेना.

"देवीच्या दारात बांगडीसाठी आलात का जिवासाठी? चुडा मी बाजूला ठेवते. आधी हात बरा करून या."

गाभाऱ्यात मी कितीतरी वर्षांनी हात जोडले. सांभाळ बाई, एवढंच ओठावर आलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला तपासणीत प्लेटलेट नऊ हजार निघाल्या, असायला हव्यात दीड लाखाच्या वर. डॉक्टर म्हणाले की, शरीर आपल्याच प्लेटलेटला परकं समजून मारून टाकतंय. दुखण्याच्या गोळ्यांचं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. त्या गोळ्यांनी उरलेल्या प्लेटलेटही कामातून जातात, डोक्यात रक्तस्राव व्हायला महिना लागला नसता, असं म्हणाले. पुढचा महिना मी किती हक्कानं मागून घेतला होता. त्याच दिवशी मला भरती केलं. नंतरचे सात महिने औषधं, सुजलेला चेहरा, दर महिन्याला नांदेडची वारी. पोरांचे वर्ग दुसऱ्यांनी घेतले आणि पोरं पासही झाली. माझ्यावाचून अडेल असं मला उगाच वाटायचं.

आकडा लाखाच्या वर टिकला तेव्हा आम्ही माहूरला गेलो. चाची तिथंच होती. मला बघताच फळीखालून कागदात बांधलेला चुडा काढला. तिनं माझा पंजा हातात घेतला आणि मी तो तिला देऊन टाकला. ढिगाऱ्यात आईचा हात बघितल्यापासून माझा हात आवळलेलाच होता, हे तेव्हा समजलं. बांगड्या सरसर चढल्या. आम्ही तिघंही पंजाकडं बघत बसलो. एकही ठिपका उठला नाही.

आईची काच का राहिली, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता मी ते विचारतही नाही. चुडा भरल्यावर भरणारीला नमस्कार करायची आपल्याकडं रीत आहे. मी वाकले तर चाची पाय मागं घेऊ लागली, म्हणाली, मला कशाला, वर देवीला करा.

"तिलाच करतेय," मी म्हटलं.